रुसलेल्याचं नाव पहिलं

बदलापूरच्या बेलवलीतली आमची इमारत भोईरांच्या जमिनीवर उभी आहे. जमीन देताना वेणूच्या सासऱ्यांनी मागचं आपलं घर आणि अंगण तेवढं राखून ठेवलं. त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेली तीसेक वर्षं वेणू भोईरचं अंगण दिसतं. तिथे मंडपाचे बांबू रचलेले असतात, ताडपत्र्या वाळत असतात आणि कपाटाएवढे काळे स्पीकर उन्हाला ठेवलेले असतात, आपण गाद्या ठेवतो तसे. माझे मिस्टर अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते. रात्रपाळी करून ते दुपारी झोपले, की नेमकं खालून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" सुरू व्हायचं. वेणूची आणि माझी ओळख त्यावरून भांडताना झाली. मी तावातावाने खाली गेले, तिने मला ताक दिलं आणि माझं बोलणं संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकी, तुमचा आवाज मस्त खनखनीत हाय. माईकची गरजच नाय."

तिचा नवरा पद्माकर, सगळ्यांचा पदू, मंडप आणि साउंड भाड्याने द्यायचा. आगरी लग्नात हळदीची संध्याकाळ लग्नाहून मोठी असते. गावच्या गाव लोटतं, बेंजो वाजतो, आणि माईकवर एक जण येणाऱ्या पाहुण्यांची नावं घेत राहतो. पदूकडे हे काम त्याचा एक मित्र करायचा. कात्रपच्या एका हळदीत त्या मित्राचा घसा बसला. बेंजोवाले चहाला गेले होते आणि मशीनवर नुसता ठेका चालू राहिला होता. माणसं उठायला लागली, तसा वेणूने माईक उचलला आणि त्या ठेक्यावर नावं घ्यायला सुरुवात केली. चाल नाही, गाणं नाही, साधं बोलणं. पण प्रत्येक नाव ठेक्यावर बरोबर पडत होतं. उठलेली माणसं परत खाली बसली. बेंजोवाले चहा घेऊन आले आणि बाजूला उभे राहून ऐकत राहिले. त्या दिवसापासून भोईरांचा माईक वेणूचा झाला.

लग्नाचे विधी गाणारी धवलारीण वेगळी. तिचं काम देवांचं. वेणूचं काम माणसांचं, आणि तिची ते करायची एक पद्धत होती. हळदीच्या दिवशी दुपारीच ती लग्नघरी जायची. माईककडे ती बघायचीही नाही. सरळ मागच्या दारी, जिथे बायका तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, तिथे जाऊन बसायची आणि त्यांच्याबरोबर निवडायला लागायची. थोड्या वेळाने सहज विचारायची, "कोन नाय आयला अजून?" बायका एकमेकींकडे बघायच्या. मग हळूहळू बाहेर यायचं की अमुक काका रुसले आहेत, पत्रिकेत त्यांचं नाव खाली पडलं. किंवा अमुक आत्याला निरोप उशिरा गेला. लग्नघरात एक तरी माणूस रुसलेला असतोच. संध्याकाळी वेणू माईक घ्यायची तेव्हा पहिलं नाव त्या माणसाचं असायचं. नवरीच्या बापाचं नाही, गावच्या पाटलाचं नाही, नगरसेवकाचं तर नाहीच.

एका हळदीत नवरीचे वांगणीचे मामा दाराबाहेर रिक्षात बसून होते. आत यायला तयार नव्हते आणि घरी परतायलाही तयार नव्हते. मी तेव्हा तिथे होते. वेणूने माईक घेतला.

"आले आले कोन आले, वांगनीचे मामा आले,
रुसून बसले रिक्षामंदी, घामानं भिजून आले,
पानी द्या गो, पंखा फिरवा, मामाविना हलद नाय,
मीटर चालू रिक्षाचा न् मामा माजा हलत नाय"

मंडपातल्या बायका हसून लोटपोट झाल्या. मामा कपाळ पुसत आत आले आणि वेणूसमोर बोट नाचवत म्हणाले, "मीटर नाय लावला, ठरवून आणली हाय." पुढची चार लग्नं ते स्वतःहून वेणूला बोलावणं पाठवत होते.

आम्हाला शाळेत नन्सनी शिकवलं होतं की समारंभात आधी प्रमुख पाहुण्यांचं नाव घ्यायचं. मी वेणूला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "परमुख पाहुना कुटं पलतोय, काकी? त्याला जेवन मिलनारच हाय. दाराभाहेर बसलाय त्याला आधी आत घ्यायला नको?"  

पाच वर्षांपूर्वी पदू गेला. वर्ष सरल्यावर वेणूने माईक झाडूनपुसून परत बाहेर काढला, पण बोलावणं आलं नाही. मंडप जायचा, स्पीकर जायचे, पैसेही वेळेवर यायचे. माईकचं मात्र प्रत्येक घरी काहीतरी निघायचं. "माईकला आमचा पोरगा हाय." "पेनड्राइव्हवरच लावनार हाव सगलं." तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलल्या त्या फक्त कमळाबाई. त्या गल्लीत सगळ्यात वयस्कर, नात्याने वेणूच्या चुलत सासूबाई. एके दिवशी अंगणात येऊन त्यांनी सांगितलं, "वेनू, नवऱ्यामागं हलदीला जाव नये गो. पोरींच्या संसाराचा परश्न हाय." वेणूने त्यांना चहा केला.

विधवा बाईला हळदीपासून दूर ठेवायची ही रीत मला ठाऊक होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बोलावणी माझीही मिस्टरांच्या मागे थांबली आहेत. पण मला हळदीकुंकवाला जायची हौस कधीच नव्हती. वेणूची सगळी जिंदगीच हळदीच्या मंडपात गेलेली. संध्याकाळी दुरून तिचेच स्पीकर तिला ऐकू यायचे आणि ती अंगणात खुर्ची टाकून बसायची. एकदा मी खाली गेले, तर ती म्हणाली, "पोरगा नावं घेतोय, पन वेवायाचं नाव राहिलं. आता बघा भांडन लागतंय." तिला परत एकदा हळदीच्या मंडपात माईकवर उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं.

गेल्या डिसेंबरात हितेश आणि तेजस्वी आले. हितेशच्या वडिलांचा उल्हासनगरला जीन्स शिवायचा कारखाना आहे. सिंधी घर, पण मुलगा मराठी, हिंदी, सिंधी असं मिसळून रॅप करतो आणि सगळ्या भाषांत सारखंच भांडतो. तेजस्वी अंबरनाथची. दिवसा एका सीएच्या ऑफिसात हिशेब बघते आणि सुट्टीच्या दिवशी गाणी लिहिते. दोघंही कॉलेजात असताना वेणूच्या हळदी ऐकायला यायचे, ती कशी श्वास घेते आणि नाव ठेक्यावर कसं टाकते ते बघायला. आता त्यांचा सात-आठ जणांचा गट आहे आणि मोबाइलवर त्यांना बरीच मंडळी ऐकतात. नातवाने मला दाखवलं. निम्मं समजलं, पण ठेका ओळखीचा वाटला.

त्यांनी आणलेली बातमी अशी, की राज्याचं सांस्कृतिक खातं प्रादेशिक हिपहॉपला परंपरा म्हणून अधिकृत मान्यता देणार आहे. भागाभागातून प्रस्ताव मागवले आहेत. यांनी बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर या पट्ट्याचा प्रस्ताव पाठवला, आणि त्यात परंपरेचं मूळ म्हणून वेणूचा माईक लिहिला.

"मी कंची हिपहाप?" वेणूने विचारलं.

"अरे मावशी, बाहेरच्या देशात याला शाउट-आउट बोलतात," हितेश म्हणाला. "बीटवर आपल्या लोकांची नावं घ्यायची, इज्जत द्यायची. तू तर बिना पासपोर्ट तेच करत होतीस."

"इज्जत देतंय मी. ही तुझी पँट बघ. तुझ्या बापानं शिवलीय का उशीची खोल घातलीस?"

"बॅगी आहे ती, मावशी. धंदा चालतो आमचा तिच्यावर."

तेजस्वीने मात्र शांतपणे महत्त्वाचं सांगितलं. मान्यता मिळाली तर त्यात वेणूचं नाव असेल, सरकारी राजपत्रात. "मग बघू, मावशी, कोण नाही म्हणतंय तुला." भांडी घासणारा वेणूचा हात पातेल्यातच थांबला. मला तेव्हाच कळलं, की ही आता हो म्हणणार.

जानेवारीत खात्याच्या ठाण्याच्या कार्यालयात बोलावणं झालं. हितेश आणि तेजस्वी जाणारच होते, पण वेणू म्हणाली, काकी तुम्हीही चला, इंग्लिश बोलायला लागलं तर. इंग्लिश कुणीच बोललं नाही. कार्यक्रम अधिकारी मालिनी मॅडम, चाळिशीच्या, नीटनेटक्या, हातात पेन. त्या म्हणाल्या, "वेणूताई, थोडं करून दाखवाल का? नमुन्यादाखल."

"कुनाच्या घरचं?"

"म्हणजे?"

"नावं कुनाची घेव? घर नाय, लगीन नाय."

मालिनी मॅडम हसल्या. "आमच्या ऑफिसातली घ्या."

वेणू उठली आणि बाहेर निघून गेली. आम्ही सगळे बसून राहिलो. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, "येईल ती, मागच्या दारी गेली असेल." आणि खरंच, चहाच्या खोलीत शिपायाबरोबर आणि दोन टायपिस्ट बायकांबरोबर तिचा चहा चालला होता. परत आली तेव्हा तिला त्या कार्यालयाची जेवढी माहिती झाली होती तेवढी मॅडमना नसावी. हितेशने लोखंडी कपाटावर बोटांनी ठेका धरला, आणि वेणूने कुणाचं नाव आधी घेतलं, तर कोपऱ्यातल्या साठे नावाच्या वयस्कर कारकुनांचं. त्यांचं टेबल नुकतंच खिडकीपासून उचलून दाराजवळ टाकलं होतं, आणि तेव्हापासून ते कुणाशी बोलत नव्हते.

"साठे भाऊ, साठे भाऊ, खिडकी गेली, जाव दे,
दारापाशी बसलाव तुमी, जग तुमच्या पुढनं येव दे,
खिडकीवाला झाड बघतो, कावला बघतो, वारा खातो,
साएबसुदा हापिसान येताना तुम्हाला रामराम करतो"

साठ्यांनी आधी चष्मा काढला, मग पुसला, मग परत घातला. सबंध ऑफिस गोळा झालं. मॅडमचं नाव वेणूने सहावं घेतलं, शिपायाच्याही मागून. शिपाई म्हणाला, "मॅडम, राग मानू नका, यांची सिस्टीम आहे." मॅडम हसू दाबत लिहीत राहिल्या.

पण लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सुंदर आहे. फक्त एक नियम आहे. मान्यता चालू परंपरेला मिळते. अर्जात तुम्ही 'सध्या चालू' असं लिहिलं आहे, तेव्हा मला ती प्रत्यक्ष हळदीत बघावी लागेल. या हंगामातली कुठलीही हळद चालेल. मी कॅमेरा घेऊन येते."

हितेशने माझ्याकडे बघितलं आणि मग कपाटाकडे. 'सध्या चालू' हे त्याने लिहिलं होतं. बाहेर आल्यावर त्याची बाजू अशी होती, की बंद पडलेल्या वस्तूला कोण मान्यता देतं? तेजस्वी त्याला म्हणाली, "अरे, पण तिला बोलावतच नाहीत, हे तुला माहीत होतं ना? लिहायच्या आधी विचारायचं तरी." वेणू दोघांत पडली. "भांडू नका. त्यानं खोटं नाय लिवलं. माजा माईक चालू हाय. लोक बंद झालेत."

आता झालं असं, की मान्यता हवी तर आधी हळद हवी, आणि हळदीत बोलावणं यावं म्हणून तर मान्यता हवी होती.

बेलवलीत कुठलीच गोष्ट लपून राहत नाही. सरकारी कॅमेरा कुणाच्या तरी हळदीत येणार, ही बातमी मार्चपर्यंत स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पसरली. आणि चार वर्षं ज्या अंगणात माईकसाठी कुणी फिरकत नव्हतं तिथे माणसं यायला लागली. एक जण म्हणाले, आमच्या मुलाचं लग्न आहे, ड्रोन आम्हीच लावू, मंत्री येणार आहेत का? दुसऱ्यांनी फुलांची कमान कबूल केली. तिसरे तर हळदच दोन दिवस करायला तयार झाले, "कॅमेऱ्याला उजेड पायजे तसा." मी खिडकीतून बघत होते. वेणू सगळ्यांना चहा देत होती आणि सगळ्यांना म्हणत होती, बघते.

चौथे आले ते फार नम्रपणे बोलले. "वेनूबाय, तुमचा आवाज पायजेच. फक्त असा करू, तुमी माईक घेवन मागं टेम्पोत बसा. आवाज मंडपान येईल. म्हंजे म्हातारी मानसं पन राजी, सरकार पन राजी."

वेणूने विचार केल्यासारखं केलं. "मग असा करू का," ती म्हणाली, "नवऱ्याला पन टेम्पोत माज्याबाजूला बसवा. फोटो मंडपान येईल."

ते गृहस्थ चहा अर्धा टाकून गेले. मी वरून टाळी वाजवली. वेणूने मान वर करून पाहिलं आणि डोळे मोठे केले. पण संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा ती माईकची वायर गुंडाळत होती. "काकी, कॅमेरा बोलावतायत सगले," ती म्हणाली. "मना कुनी नाय बोलावलं." हंगाम मेअखेर संपायचा होता. तेजस्वी रोज फोन करून विचारत होती, मावशी, कुठलं पक्कं करू? वेणूला कुठलंच पक्कं करायचं नव्हतं.

मग एके दुपारी कमळाबाई आल्या. ऐंशी उलटलेलं वय, काठी, नाकात मोठी नथ. त्यांच्या नातीचं, ओवीचं, लग्न एप्रिलात ठरलं होतं. त्या पायरीवरच बसल्या. वेणूने पुढे केलेल्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंही नाही.

"वेनू, ओवीच्या हलदीला ये माईकवर."

"कॅमेरा येनार म्हनून?"

"कॅमेरा नको मना. जेवायला अजून दोन ताटं वाढतील." कमळाबाईंनी काठी आडवी ठेवली. "ओवी हट्टाला पेटलीय. बोलतेय, वेनूमावशी नाय तर हलद नाय. तिच्या आयशीची हलद तू गाजवलीस, तिचे वांगनीचे मामाचा रुसवा तूच काढलास. मी तिला नको बोलले. रडली. मग मी पन झोपले नाय."

वेणू त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"मी तुला खोटं नाय सांगत," कमळाबाई पुढे म्हणाल्या. "मना अजून भीती वाटतंय. सगला जलम असाच गेला, हे करू नको, ते शिवू नको. पोरीला उद्या कायतरी झालं तर मी सोताला काय सांगू? पन तू ये. भीती माजी हाय, तुजी नाय."

"तुमची भीती जायपरेंत थांबू का?"

"तवर मी उरनार नाय गो."

दोघी हसल्या. वेणूने होकार दिला. ड्रोन आणि कमानवाल्यांना तिने निरोप धाडले, आणि हितेशला सांगितलं की स्पीकर पुसून ठेव. मी त्या रात्री माझ्या रोजनिशीत नेहमीपेक्षा जास्त लिहिलं.

एप्रिलातल्या त्या हळदीच्या दुपारी वेणू नेहमीप्रमाणे मागच्या दारी गेली. मीही बरोबर होते, कारण तांदूळ निवडायला मी बरी आहे. बायका थोड्या अवघडल्या होत्या. दोघी-तिघींनी पदर सावरला, जागा करून दिली. वेणूने सुपातले खडे वेचत विचारलं, "कोन नाय आयला अजून?"

बायकांनी एकेक नाव आठवून बघितलं. सगळे मामा आले होते, काका आले होते, आत्या सकाळपासून स्वयंपाकात होत्या. पत्रिकेत कुणाचं नाव चुकलं नव्हतं. असं निर्विघ्न लग्नघर मी पाहिलं नव्हतं. वेणूलाही ते पटेना. "असा होत नाय. कोनतरी रुसलं असलंच."

कोपऱ्यात बसलेल्या कमळाबाई म्हणाल्या, "तूच की गो."

सुपं थांबली.

"चार वरसं रुसलीस. आमच्या घरान पाय नाय टाकलास. ओवीचे साखरपुड्याला नाय आलीस. चहा करतंस, पन जेवायला थांबत नाय. मना दिसत नाय का?"

वेणूचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. चोरी पकडल्यासारखा. "मी रुसले नव्हते," ती म्हणाली.

"सगले रुसलेले असाच बोलतात," कमळाबाई म्हणाल्या, आणि बायकांमध्ये हशा पिकला. वांगणीच्या मामांच्या बायकोने दुजोरा दिला, आमचे पण असेच बोललेले.

"मग आता पहिलं नाव कुनाचं?" ओवीच्या आईने विचारलं. "मावशी सोताचं नाव सोता कशी घेनार?"

 स्वतःचं नाव माईकवर घेणं हे तिच्या लेखी निवडणुकीला उभं राहण्यासारखं होतं. तिने विषय टाळला आणि म्हणाली, आज नवरीपासून सुरू करीन.

संध्याकाळी मंडप भरला. मालिनी मॅडम कॅमेरावाल्याला घेऊन आल्या होत्या. त्यांना पुढची खुर्ची दिली होती आणि साडीवर हळदीचा डाग पडू नये म्हणून मांडीवर वर्तमानपत्र. हितेश यंत्रापाशी, तेजस्वी त्याच्या शेजारी, गटातली बाकीची मुलं खांबांना टेकून. वेणू हिरव्या साडीत मंडपाच्या मधल्या खांबापाशी उभी राहिली. माईक हातात. हितेशने ठेका सोडला. तिने श्वास घेतला आणि कमळाबाईंनी काठीने तिच्या हातातला माईक खाली दाबला.

"मना दे."

कमळाबाईंनी माईक उलटा धरला. तेजस्वीने धावत जाऊन तो सुलटा केला. ठेका चालूच होता. म्हातारीने दोनदा तो ऐकला, मान हलवली, तिसऱ्यांदा काठी जमिनीवर आपटली आणि सुरू केलं.

"पदूची वेनू, बेलवलीची वेनू,
दारान आली माज्या, नको कशी म्हनू,
चार वरसं रुसली, चहा पाजून रुसली,
म्हातारी मी चुकले, नात माजी हुशार निघाली"

शेवटची ओळ ठेक्यात बसली नाही. लांब झाली, मागे पडली, आणि हितेशने ठेका किंचित थांबवून तिला जागा करून दिली.  मग पाठीमागून एका बाईने शिट्टी मारली, आणि मग सगळा मंडप उठला. कमळाबाई माईकवरच म्हणाल्या, "बास. आता तुजं काम तू कर. मना पानी द्या."

 वेणूने माईक बाजूला धरला, पदराने तोंड पुसलं. मालिनी मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. "कमळाबाई," त्या म्हणाल्या, "सुरुवातीचं थोडं कॅमेऱ्यात आलं नाही. परत एकदा घ्याल का?"

"एकदा काढला रुसवा," कमळाबाई म्हणाल्या. "परत कशाला काढू? परत रुसली तर बघू."

मग वेणूने सुरू केलं. मी तिला पंचवीस वर्षं ऐकलंय, पण त्या संध्याकाळी तिने नावं घेतली ती थांबवणार कोण अशी. काका, मामा, आत्या, व्याही, बेंजोवाले, आचारी, त्या टेम्पोवाल्या गृहस्थांचंसुद्धा, ते मागच्या रांगेत लपून बसले होते. तेजस्वीने मध्ये दोन कडवी घेतली, हितेशने सिंधीत एक, त्यातलं फक्त 'वेणू मासी' सगळ्यांना कळलं. मालिनी मॅडमचं नाव आठवं आलं, त्यांनी मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला टाकलं आणि नाचणाऱ्या बायकांत गेल्या. साडीला डाग लागलाच.

नवरीला हळद लावायला मात्र वेणू गेली नाही. ती खांबापाशीच उभी राहिली. कमळाबाईंनी तिकडे बघून मान डोलावली. तेवढं ठीक होतं, दोघींच्या मते. दुसऱ्या दिवशी ओवीचं लग्न लागलं, आणि आठवड्याने कमळाबाई पायरीवर येऊन सांगून गेल्या, की पोरगी खूष आहे, नवरा तिला रोज हसवतो, आणि भीती अर्धी गेली आहे.

जूनमध्ये मान्यता आली. राजपत्रात लिहिलं होतं: "उल्हास खोऱ्यातील हिपहॉप परंपरा, मूळ रूप: हळदीच्या मंडपातील नामगायन, ज्येष्ठ कलाकार: श्रीमती वेणू पद्माकर भोईर, बेलवली." मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "नामगायन? म्हंजे एकादशीचं भजन वाटतंय. रामा रामा करत बसलीय मी." पण तिने ते तीनदा वाचायला लावलं, आणि तिसऱ्या वेळी 'बेलवली' या शब्दापाशी बोट ठेवलं.

अंबरनाथला छोटासा समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. सूत्रसंचालक मान्यवरांची नावं घेत होता आणि वेणू माझ्या कानाशी कुजबुजत होती, "बेताल घेतोय. आन त्या कोपऱ्यातला मानूस बघा, फुगून बसलाय, त्याचं नाव राहिलं." हितेशच्या वडिलांनी तिला कारखान्यातली एक जीन्स भेट दिली. ती तिने कमळाबाईंना दाखवली. कमळाबाईंनी विचारलं, हिच्यात दोन मानसं जातात का?

त्यानंतर पाऊस लागला, आणि हंगाम बंद. लग्नं नव्हती, मंडप गोडाऊनला गेले. मला मनातून धाकधूक होती, की कॅमेऱ्याविना आता तिला कुणी बोलावतं की नाही. ड्रोनवाले आणि कमानवाले ज्या दिवशी कॅमेरा गेला त्या दिवसापासून दिसले नव्हते.  वेणू स्पीकर उन्हाला न ठेवता घरातच पुसत होती.

दिवाळीनंतर, तुळशीची लग्नं लागली त्याच आठवड्यात, कात्रपहून एक बाप आणि मुलगी आली. मी खालीच होते. बापाला वेणूने आधीच सांगून टाकलं, "ऐका, सरकारचा कॅमेरा नाय आता. ते काम झालं. मॅडम येनार नाय, पेपरात फोटो येनार नाय. आन माजा नवरा वारलाय, ते म्हायीत हाय ना?"

"म्हायीत हाय," बाप म्हणाला. "कॅमेरा कशाला? आमच्याकडे भाऊबंद एवढे रुसलेले हायत, की तुमच्याबिगर लगीनच लागनार नाय."

"किती हायत?"

बाप बोटं मोजायला लागला. मुलीने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, आत्या धरून मोजा."

वेणूने मला हाक मारली, काकी, जरा चहा टाकता का, हे लांबनार दिसतंय. आणि पाटावर मांडी घालून बसली.